सेवाशुल्क सहा लाख

आळंद
१४ डिसेंबर २००९

चि. संकर्षण,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची माझी जन्माची सवय. ती आज मोडते आहे. 'चि.' तेवढं राहू दिलं, कारण तू पुष्कळ जगावंस असं मला अजून वाटतं. केलेलं भोगायला आयुष्य लांब लागतं.

फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू रडतोस. लहानपणापासून तुला ते छान जमतं. आधी रडतोस, मग मीच तुझी समजूत काढते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की विचारायचं होतं ते राहूनच गेलं. कागदावर तुला रडता येणार नाही आणि माझं बोलणं मध्येच तोडताही येणार नाही.

गेल्या मंगळवारी रेणू आली होती. हैदराबादला राहायला गेल्यापासून तुला माणसं आठवत नाहीत, म्हणून सांगते. धनगर वस्तीवरच्या अप्पारावची थोरली. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. पुढं गुलबर्ग्याला आजाऱ्यांची शुश्रूषा करायचा कोर्स केला आणि तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये महिना बावीसशेवर राबत होती. हुमनाबादच्या हायवेवर, ढाब्याच्या माडीवर तू ऑफिस थाटलं होतंस. पाटीवर माझं नाव, 'नलिनी ओव्हरसीज'. तिथं तिला फिरत्या खुर्चीत बसवून तू सांगितलंस की इस्राएलमध्ये एका म्हातारीला सांभाळायचं, महिना पस्तीस हजार. या कृपेबद्दल तिच्या बापाकडून सहा लाख घेतलेस. त्यानं ऐंशी मेंढरं विकली, रस्त्याकडची दोन एकर विकली, बायकोच्या गळ्यातलं विकलं.

मंगळवारी ती दारात उभी राहिली तेव्हा मी ओळखलं नाही. वीस महिन्यांत तिचा चेहरा चाळिशीचा झालाय.

"बाई, मी रेणू."

"अगं, कधी आलीस? सुट्टीवर का?"

"सुट्टी न्हाई. धाडून दिलं."

चहा दिला तो तसाच गार झाला. ती सांगत होती. "जिच्या नावावर माझा व्हिसा होता ती म्हातारी मी जायच्या आधीच मेलती, बाई. न्यायला आलेल्या माणसानं गाडीतच सांगितलं. म्हणला, दुसरं घर पायजे तर आणखी दोन हजार डॉलर काढ. म्या म्हणलं, कुठून काढू? म्हणला, मग बस."

दोन खोल्यांत अकरा बायकांबरोबर ती तीन महिने बसली. मग हैफा नावाच्या गावात एका म्हाताऱ्याकडं कागदपत्रांशिवाय राहिली. त्याला उचलायचं, धुवायचं, भरवायचं. त्याची मुलगी बरी होती. तिनं एकदा विचारलं, इथं यायला किती दिलेस? रेणूनं आकडा सांगितला तेव्हा ती बाई खुर्चीवरून उठून उभी राहिली म्हणे. तिकडच्या कायद्यानं अशा कामाला येणाऱ्या बाईकडून तीन हजारांहून थोडे जास्त शेकेल, म्हणजे तिकडचे पैसे, घेता येतात. "आपले चाळीस हजारबी होत न्हाईत, बाई," रेणू म्हणाली. पुढं रस्त्यात कागद तपासले, कोठडीत टाकलं, आणि गेल्या महिन्यात विमानात बसवून दिलं.

मी तिला म्हटलं, "संकर्षणला यातलं काही ठाऊक नसेल. तिकडच्या दलालानं दोघांनाही फसवलं असेल."

ती माझ्याकडं नुसती बघत राहिली.

आता तू मला लिहून कळव. त्या मुलीला मी जे सांगितलं ते खरं होतं की मी खोटं बोलले?

नलिनी


आळंद
६ जानेवारी २०१०

संकर्षण,

तुझं उत्तर मिळालं. चौदा ओळी. अठ्ठावीस वर्षं मी मुलांचे निबंध तपासले, पण इतक्या कमी शब्दांत इतकी लबाडी बसवणारा विद्यार्थी मला भेटला नव्हता.

'सहा लाख ही फी नसून सेवाशुल्क आहे.' बरं. सेवा कुणी कुणाची केली?

'पार्टीने पैसे स्वखुशीने दिले.' पार्टी कोण? अप्पाराव? चपला जिन्याखाली काढून तुझ्या गुळगुळीत फरशीवर अवघडून उभा राहिलेला माणूस पार्टी झाला? आणि स्वखुशीनं माणूस देवाला नारळ देतो, दोन एकर देत नाही.

'या धंद्यात सगळेच घेतात.' तिसरीत असताना पाटलाच्या मळ्यात पेरू चोरताना सापडलास तेव्हाही तुझं हेच वाक्य होतं. तेव्हा निदान बाकीचे चोर तुझ्या शेजारी उभे होते.

म्हातारी मेली होती हे तुला ठाऊक होतं का, या एका प्रश्नाचं उत्तर चौदा ओळींत नाही. त्याऐवजी तू मला एक सोय सुचवलीस. रेणूला अण्णांच्या सेवेला ठेवून घे, महिना तीन हजार मी पाठवतो, ती पण गप्प राहील आणि तुलाही मदत होईल. वाचताना मला तुझ्या वडिलांकडं बघवेना. अर्धांगानं त्यांची वाचा गेली आहे हे त्या दिवशी प्रथमच बरं वाटलं.

तरी मी तुझा निरोप तिच्या कानावर घातला. उद्या मी लपवलं असं कुणी म्हणू नये. ती पंचायतीच्या कामासाठी गावात आली होती, तेव्हा घरी आली. अण्णा पलंगावर खाली घसरले होते, मान वाकडी झाली होती. मी रोज त्यांना काखेत धरून ओढते आणि ते कण्हतात. रेणूनं पिशवी खाली ठेवली, हात धुतले. त्यांचा गुडघा दुमडला, एक हात खांद्याखाली घातला, आणि दोन दमांत त्यांना वर घेऊन कुशीवर वळवलं. पाठीखाली उशी लावली. ते कण्हले नाहीत. तिच्या मनगटावर त्यांनी डावा हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग मी तुझे तीन हजार सांगितले.

ती हसली. "बाई, मालकाला वळवायचं तुम्हाला शिकवते, फुकट शिकवते. पण संकर्षणदादाच्या पैशानं या घरात पाय ठेवणार न्हाई."

आणि खरंच शिकवून गेली. आता मला जमतं.

तुझ्या पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे: 'ऑफिस बंद करताना आपल्या घराच्या माडीवर आणून ठेवलेली पत्र्याची पेटी जाळून टाकावी, जुने रद्दी कागद आहेत.' रद्दी कुणी जाळत नाही रे. रद्दी लोक किलोवर विकतात. किल्ली कुठं आहे ते लिहायला तू विसरलास. उद्या कुलूपवाल्याला बोलावलं आहे.

नलिनी


आळंद
११ जानेवारी २०१०

संकर्षण,

पेटी उघडली.

सात मुलींची सात पाकिटं आहेत. फोटो, दाखले, पासपोर्टाच्या झेरॉक्स. सगळ्या आपल्याच भागातल्या. दोघी औरादकडच्या, बाकीच्या इथल्या. फोटोसाठी प्रत्येकीनं केस चापूनचोपून बसवलेत. पावती एकीच्याही पाकिटात नाही.

सगळ्यात खाली एक पुस्तिका आहे. परदेशात माणसं कामाला पाठवण्याबद्दलचा १९८३ चा कायदा आणि त्याचे नियम. ज्याच्याकडे सरकारी परवाना आहे त्यानंच माणसं पाठवावीत, ठरलेल्या आकड्यापेक्षा पैसा घेऊ नये, घेतला त्याची पावती द्यावी. त्या वेळचा मोठ्यात मोठा आकडा दहा हजार. या ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा आहेत. रेघा तुझ्या आहेत, पट्टी न लावता ओढलेल्या, डावीकडं उतरणाऱ्या. शाळेत कधी पुस्तकाला पेन्सिल लावली नाहीस. एकदाच नीट अभ्यास केलास, तो कुठून पळता येईल हे बघायला. परवाना तर तुझ्याकडं कधीच नव्हता.

आणि रेणूच्या पाकिटात फॅक्स आहे. तेल अवीवच्या तुझ्या माणसाचा, इंग्रजीत, चार ओळी. म्हातारी वारली, या व्हिसावर आता काम नाही, पण व्हिसा रद्द झालेला नसल्यानं मुलगी विमानतळातून बाहेर पडू शकेल, काय करायचं ते कळवा. तारीख ४ फेब्रुवारी २००८. खाली तुझ्या हातचा एकच शब्द: 'पाठवू.'

अप्पारावनं शेवटचे अडीच लाख तुला दिले ते २० फेब्रुवारीला. बुधवार होता.

वार मला कसा माहीत, असं तू विचारणार नाहीस, कारण तुलाही माहीत आहे. पहिल्या पत्रात मी असं लिहिलं की जणू हे सगळं मला परवा रेणूकडूनच कळलं. ते लबाडीचं होतं. तुझ्यात आहे ती कुठून आली हे त्यावरून कळावं.

अडीच लाख आपल्या घरात दिले गेले, अण्णांच्या पलंगासमोर. अप्पारावनं टॉवेलात गुंडाळून आणले होते. मी पोहे केले होते. तुम्ही बाहेर बोलत होतात तेव्हा रेणू माझ्या मागं स्वयंपाकघरात आली.

"बाई, एक इचारू? सहा लाख द्यायचं असतंय का खरंच? नर्सिंग होममधली केरळची सिस्टर म्हणायली, एवढं नसतंय. पावती घे म्हणायली."

मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिते. "अगं, परक्याच्या हाती देते आहेस का? पाटीवर माझं नाव आहे."

"मग पावती मागू का दादाला?"

"घरात कुणी पावत्या मागतं का?"

तिच्या बाई बोलल्या होत्या. तिनं ताटल्या उचलल्या आणि बाहेर नेल्या.

मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण मी ती घेणार नाही. मला विचारायचं नव्हतं. पुढच्याच महिन्यात अण्णांसाठी तू खाली खुर्चीचा संडास बांधून दिलास, पांढऱ्या टाइल्स लावून. तोवर मी त्यांना पाठीवर घेऊन परसात नेत होते. टाइल्स बसवणाऱ्या गवंड्याला मी चहा दिला आणि पैसा कुठून आला हे तुला विचारलं नाही. तुझा मला तिटकारा येतो, संकर्षण. पण तिटकारा करायला मला लांब जावं लागत नाही, रोज सकाळी त्याच संडासात पाणी टाकते.

फॅक्सच्या तीन झेरॉक्स काढल्या आहेत. पेटी आता या घरात नाही, तेव्हा कुणाला पाठवण्याचा त्रास घेऊ नकोस.

नलिनी


आळंद
२ फेब्रुवारी २०१०

संकर्षण,

काल मी पोलीस ठाण्यात जबाब दिला. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आधी बीदरहून संपदाचा फोन. तू तिला पुढं केलंस, तुझी ही जुनी रीत. "आई, यांचं प्रमोशन या वर्षी आहे. नावाला नाव जोडलं जाईल. भावाला कुणी तुरुंगात घालतं का?"

मी म्हटलं, "भावाला तू घालत नाहीयेस. मुलाला मी घालते आहे. तुझे यजमान यात कुठं बसतात?"

तिनं फोन आपटला. तिला दोष देत नाही. तिला मी खोटं न बोलायला शिकवलं, पण खरं बोलायला शिकवायचं राहून गेलं.

तुझ्या वडिलांना मी विचारलं नाही. त्यांनी मान हलवून हो म्हटलं असतं तर मला आधार मिळाला असता, नाही म्हटलं असतं तर निमित्त. मला दोन्ही नको होतं.

ठाण्यात अप्पाराव, रेणू आणि मी. साहेब गुरुलिंग नावाचे, तरुण आहेत, चेहऱ्यानं शांत. तक्रार अप्पारावची. तो बोलताना माझ्याकडं बघत नव्हता. "साहेब, बाईचं लेकरू हाय म्हणून आम्ही दिलो. दुसऱ्या कुणाला एक मेंढरू दिलो नसतो."

साहेब कन्नडात लिहीत होते. मला म्हणाले, "अम्मा, पेटी तुमच्या घरी सापडली, अक्षर मुलाचं आहे, एवढं पुरे. बाकी तुम्ही त्रास घेऊ नका."

मी म्हटलं, "पुरे नाही. लिहा: या मुलीनं मला विचारलं होतं की एवढी फी असते का. मी तिला पैसे द्यायला सांगितलं. पावती मागू नको म्हणून सांगितलं."

त्यांनी लेखणी थांबवली. "हे लिहिलं तर तुमच्यावरही येऊ शकतं, अम्मा."

"येऊ द्या. तरच मुलाचं अक्षर ओळखते म्हणून मी सांगितलेलं कुणाला खरं वाटेल."

रेणू माझ्या शेजारी बाकावर होती. हळूच म्हणाली, "बाई, कामून सांगायलात? मी कुणाला बोलले न्हाई हे. अप्पालाबी न्हाई."

तेव्हा मला कळलं. दोन वर्षं, त्या अकरा बायकांत, त्या कोठडीत, या मुलीनं माझी लाज राखली होती. आणि मी तिला विचारलं होतं, सुट्टीवर का.

जबाब वाचून घेतला. एके ठिकाणी 'साक्षीदाराच्या ओळखीचा इसम' असं होतं. मी ते 'माझा मुलगा' असं करून घेतलं. मग सही केली.

नलिनी


आळंद
१९ नोव्हेंबर २०१०

संकर्षण,

एप्रिलमध्ये तुला हैदराबादच्या लॉजवरून धरून आणलं, एकोणीस दिवसांनी जामीन झाला, त्यानंतर तू मला पत्र लिहिलं नाहीस. मीही नाही. आज लिहिते, कारण तुझ्या वकिलाचा निरोप आला आहे आणि त्याचं उत्तर मला त्याला द्यायचं नाही, तुला द्यायचं आहे.

तू हुमनाबादचा प्लॉट विकलास आणि एकेकीच्या घरी माणूस पाठवलास, हे मला ठाऊक आहे. अर्ध्याहून थोडे जास्त पैसे परत आणि एका कागदावर सही: घेतलेली रक्कम हातउसनी होती, ती मिळाली, आता तक्रार नाही. सहा लाखांचं आधी सेवाशुल्क झालं होतं, आता ते हातउसनं झालं. तुझ्या हातात पडलं की पैशाचं नाव बदलतं, माणूस तेवढा तोच राहतो.

अप्पारावनं सही केली. साडेतीन लाख मिळाले. करण्याआधी तो माझ्याकडं आला होता, रेणूही होती. दारातच उभा राहिला.

"बाई, मी सही करायलोय. तुम्ही आमच्यासाठी एवढं केलात, अन् मी..."

"माझ्यासाठी थांबू नका, अप्पाराव. पैसे तुमचे आहेत."

"कोर्टात आठ वर्षं जातेत म्हणतेत. आठ वर्षं कुणाची मेंढरं राखू?"

रेणू म्हणाली, "मीच सांगितलं अप्पाला, कर म्हणून. तुम्हाला राग आला का, बाई?"

राग कसला येणार? आला तो फक्त तुझा. तू भुकेचा हिशोब बरोबर मांडलास. त्याच्या वस्तीवर आता पुन्हा पंचवीस मेंढरं आहेत. रेणू सोलापूरला एका दवाखान्यात लागली आहे, महिना चार हजार. नवीन मुलींना आजारी माणूस कसा उचलायचा ते ती शिकवते. परदेशाचं कुणी विचारलं तर आधी पावतीचं सांगते म्हणे.

इतर पाच घरांनीही सह्या केल्या. सातवी, औरादकडची लिंगम्मा, अजून तिकडंच आहे, ती सही करायलाही येऊ शकत नाही.

आता तुझ्या वकिलाचा निरोप. तो म्हणतो, फसवणुकीचं कलम समेटानं मिटेल, पण परवाना नसताना माणसं पाठवण्याचं मिटत नाही. त्यात पैसा देणारे सगळे फिरले. उरली एक साक्षीदार, पेटी आणि अक्षर ओळखणारी. 'आईंचं वय झालं आहे. नीट आठवत नाही, एवढं म्हणाल्या तरी पुरे. खोटं बोलायची गरज नाही.'

हा वकील तू चांगला शोधलास. तुमचं जमेल.

मला सगळं आठवतं. टॉवेलाचा रंग आठवतो. पोह्यात दाणे कमी पडले होते ते आठवतं. माझ्याकडून विकत घेण्यासारखं तुझ्याजवळ काही नाही, कारण तू मला जे द्यायचं ते आधीच देऊन ठेवलंस, पांढऱ्या टाइल्ससकट.

तारीख आठ डिसेंबरची आहे. मी सकाळच्या बसनं येईन. अण्णांपाशी दिवसभर कोण बसणार ही एक काळजी होती. काल बाजारात अनसाबाई भेटली, सह्या केलेल्या घरांतल्या एका मुलीची आई. मी काही बोलले नव्हते, तिलाच कुठून कळलं होतं. तुरीची पाटी खाली ठेवून म्हणाली, "आम्ही सही केलो बाई, तुम्ही करू नका. त्या दिवशी मालकापाशी मी बसते."

तेव्हा मी येते आहे. तू समोर असशील. सरकारी वकील विचारतील, हे अक्षर ज्याचं आहे तो माणूस इथं हजर आहे का, आणि मला बोट दाखवून सांगावं लागेल. त्या वेळी मान खाली घालून उभा राहू नकोस. माझी नजर आता अधू झाली आहे, तुझा चेहरा मला नीट दिसायला हवा.

नलिनी